इतवारीची गल्ली, समृद्धीचा वेग आणि मागची चाकं

नागपूरच्या इतवारीत सराफा ओळीपासून किराणा ओळीपर्यंत आणि मिरची बाजारापासून मस्कासाथपर्यंत दिवसभर माल उतरत असतो. पिकअप, छोटे टेम्पो, ई-रिक्षा, हातगाड्या आणि दुचाक्या एकाच अरुंद पट्टीत वावरतात. एक गाडी कोपऱ्यावर अडली आणि तिला मागेपुढे करावं लागलं की अख्खी ओळ थांबते. याच शहरापासून समृद्धी महामार्ग सुरू होतो. तो ७०१ किलोमीटरचा आहे, ५ जून २०२५ पासून मुंबईच्या दिशेने पूर्ण खुला झाला आहे आणि त्यावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. या दोन रस्त्यांच्या गाडीकडून असलेल्या मागण्या परस्परविरुद्ध आहेत. गल्लीत वळायला पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, कमी हवा. वेगात स्थिर राहायला तो जास्त हवा. आजवर प्रत्येक गाडी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तडजोड करत आली. मागची चाकंही वळवणारं स्टेअरिंग ही तडजोड बरीच सैल करतं. म्हणूनच मला वाटतं, आज ते मुख्यतः महागड्या मोटारींत दिसत असलं तरी त्याची सर्वांत जास्त गरज माल वाहणाऱ्या गाडीला आहे.

दोन माणसं खांद्यावर लांब शिडी घेऊन गल्लीच्या कोपऱ्यावरून जात आहेत अशी कल्पना करा. पुढचा डावीकडे वळला आणि मागचा थोडा उजवीकडे सरकला, तर शिडी थोडक्या जागेत फिरते. दोघेही एकाच वेळी डावीकडे सरकले, तर शिडी न फिरता आडवी सरकते. चारही चाकं वळणाऱ्या गाडीचंही तसंच: कमी वेगात मागची चाकं पुढच्यांच्या उलट दिशेने वळतात, जास्त वेगात त्याच दिशेने. मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये ही अदलाबदल साधारण ताशी ६० किलोमीटरला होते.

फायदा किती, हे साध्या भूमितीने काढता येतं. व्हीलबेस ३.१ मीटर आणि पुढची चाकं ३५ अंश वळलेली धरली, तर पुढच्या चाकांच्या मार्गाची त्रिज्या साधारण ५.४ मीटर येते. मागची चाकं उलट दिशेने १० अंश वळवली की ती ४.३ मीटरवर उतरते. म्हणजे ३.१ मीटर व्हीलबेसची गाडी जेमतेम अडीच मीटरच्या गाडीसारखी वळते. शिवाय वळताना मागची चाकं पुढच्यांच्या जितकी आत येतात, ते अंतर सुमारे एका मीटरवरून पाऊण मीटरपर्यंत कमी होतं. कोपऱ्यावरच्या ओट्याला गाडी घासते ती याच आत येण्यामुळे.

महामार्गावरचा परिणाम आकड्यांत मांडणं अवघड आहे, पण कारण स्पष्ट आहे. टायर थोडा तिरपा झाला की तो गाडीला बाजूला रेटतो. नेहमीच्या गाडीत लेन बदलताना आधी फक्त पुढची चाकं रेटतात. त्यामुळे गाडीचं अंग फिरतं, आणि मग कुठे मागची चाकं तिरपी होऊन रेटा द्यायला लागतात. या उशिरामुळे गाडीचा मागचा भाग झुलतो. मागची चाकं आधीच अंश-दोन अंश त्याच दिशेने वळलेली असतील तर दोन्ही रेटे जवळपास एकत्र येतात.

कधी कोणत्या दिशेला वळायचं हे ठरवण्याचं काम पूर्वी यंत्राच्या दांड्यांकडे होतं. १९८७ च्या होंडा प्रिल्यूडमध्ये पुढून मागे एक शाफ्ट जायचा. स्टेअरिंग थोडं फिरवलं की मागची चाकं त्याच दिशेने, खूप फिरवलं की उलट दिशेने वळायची. वेग त्या शाफ्टला कळत नव्हता. आज स्टेअरिंगचा कोन, चाकांचा वेग आणि गाडीचं फिरणं सेन्सर मोजतात, संगणक कोन ठरवतो आणि मागच्या एक्सलवरची विजेची मोटर आट्यांचा दांडा फिरवून चाकं वळवते. हे आटे सहसा असे असतात की चाकाकडून दाब आला तरी दांडा आपोआप उलटा फिरत नाही. ‘मोटर बंद पडली तर मागची चाकं सैरभैर होतील’ ही भीती त्यामुळे बरीचशी दूर होते.

यापेक्षा गंभीर आक्षेप शेपटीचा आहे, आणि तो इतवारीतच सर्वांत जास्त लागू होतो. वळताना गाडीचा मागचा बाहेरचा कोपरा बाहेर झुकतो. वरच्याच गाडीची रुंदी १.९ मीटर आणि मागच्या एक्सलच्या मागे निघालेलं अंग एक मीटर धरलं, तर साध्या स्टेअरिंगमध्ये हा कोपरा सुमारे ९ सेंटीमीटर बाहेर येतो, चारही चाकं वळली तर सुमारे २८. भिंतीला खेटून उभी गाडी काढताना शेजारच्या दुचाकीला आडवं करायला एवढं पुरे. यावर उपाय आहे: थांबलेल्या गाडीला सुरुवातीचे काही फूट मागचा कोन कमी द्यायचा, किंवा चालकाच्या हाती बटण ठेवायचं. जनरल मोटर्सच्या क्वाड्रास्टीअर या चारही चाकं वळवणाऱ्या यंत्रणेत मागचं स्टेअरिंग बंद करायची सोय होतीच.

या क्वाड्रास्टीअरचा इतिहास माझ्या मताविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून पुढे केला जाऊ शकतो. अमेरिकेत २००२ मध्ये ते पिकअपवर आलं. मागची चाकं १२ अंशांपर्यंत वळत, आणि वळण्याच्या वर्तुळाचा व्यास सुमारे १४.४ मीटरवरून ११.४ वर आला. तरी २००५ मध्ये ते बंद झालं, कारण किंमत फार होती आणि ग्राहक थोडे. पण त्याने एक तांत्रिक शंका कायमची मिटवली: पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसलेला, ओझं पेलणारा सरळ एक्सलही वळवता येतो. राहिला प्रश्न किमतीचा. विजेच्या मोटरवर चालणारं पॉवर स्टेअरिंग तेव्हा आजच्याइतकं सर्रास नव्हतं; आज ते छोट्या मारुतीतही आहे. मोटर, सेन्सर, संगणक हे भाग आता दुर्मीळ राहिलेले नाहीत.

‘इतवारीत टाटा एससारख्या छोट्या गाड्या वळतातच, मग हा खटाटोप कशाला?’ असंही कोणी म्हणेल. वळतात हे खरं. एसची वळण्याची त्रिज्या ४.३ मीटरच आहे. पण ती किमया २.१ मीटरच्या आखूड व्हीलबेसची आहे, आणि तिची किंमत कमी मालात आणि जास्त फेऱ्यांत मोजावी लागते. जास्त फेऱ्या म्हणजे त्याच गल्लीत जास्त गाड्या. बॅटरीवरच्या मालवाहू गाडीला तर चाकांमधली लांबी आणखी हवी, कारण बॅटरी तिथेच बसते. वरच्याच कोनांनी हिशेब केला तर २.६ मीटर व्हीलबेसची गाडी चारही चाकं वळवून २.१ मीटरच्या एससारखी वळेल, आणि तो अर्धा मीटर बॅटरीला किंवा पोत्यांना मिळेल.