सुकुमार राय यांची अद्भुत सृष्टी

मुलांसाठी अद्भुत लिहावयाचे म्हणजे कल्पनेचा लगाम सैल सोडावयाचा, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. बंगालचे बालसाहित्यिक सुकुमार राय यांचे चरित्र आणि लेखन पाहिले म्हणजे ही समजूत किती अपुरी आहे हे ध्यानात येते. त्यांच्या सृष्टीत रुमालाचे मांजर होते आणि कावळा पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब मांडतो. परंतु या साऱ्या वेडेपणामागे एका शास्त्राभ्यासकाची शिस्त उभी असते.

सुकुमारांचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ रोजी कलकत्त्यास झाला. वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे लेखक, चित्रकार, संगीतज्ञ आणि मुद्रणतज्ज्ञ होते. छायाचित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करून ते छापण्याच्या ‘हाफटोन’ पद्धतीवर त्यांनी संशोधन केले होते. रंग, रसायने आणि गोष्टी ज्या घरात एकत्र नांदत होत्या, त्या घरात सुकुमार वाढले. प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी पदार्थविज्ञान व रसायन या विषयांचा अभ्यास केला, आणि त्याच तरुण वयात मित्रांना व भावंडांना जमवून ‘नॉन्सेन्स क्लब’ही काढला. क्लबासाठी नाटके लिहावी, हस्तलिखित मासिक काढावे, हा त्यांचा छंद. पुढे १९११ साली शिष्यवृत्ती मिळवून ते विलायतेस गेले आणि लंडन व मँचेस्टर येथे मुद्रणविद्या शिकून १९१३ मध्ये परतले.

त्याच वर्षी उपेंद्रकिशोरांनी ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले होते. बंगालीत संदेश म्हणजे वार्ता आणि संदेश म्हणजे मिठाईदेखील; मासिकात दोहोंची गोडी होती. डिसेंबर १९१५ मध्ये वडील निवर्तले आणि छापखान्याबरोबर मासिकाचा भार अठ्ठावीस वर्षांच्या सुकुमारांवर आला. कविता, कथा, नाटके, विज्ञानावरील सुबोध लेख आणि सोबतची चित्रे, असे कितीतरी साहित्य ते महिन्यामागून महिने स्वतः सिद्ध करीत. त्यांची प्रतिभा अशी छापखान्याच्या तगाद्यात फुलली.

त्यांची निर्मितीची रीत एका उदाहरणावरून स्पष्ट होते. ‘खिचुडी’ या कवितेत दोन दोन प्राण्यांचे मिळून एक एक नवे प्राणी होतात. बंगालीत ‘हाँस’ म्हणजे बदक आणि ‘सजारु’ म्हणजे साळिंदर. दोहोंचा झाला ‘हाँसजारु’. ‘बक’ आणि ‘कच्छप’ यांचा झाला ‘बकच्छप’. हत्ती म्हणजे ‘हाती’, देवमासा म्हणजे ‘तिमि’, त्यांचा ‘हातिमि’. पहिल्या नावाच्या शेवटी असलेला ध्वनीच दुसऱ्याच्या आरंभी आहे, आणि नेमक्या त्याच सांध्यावर हे जोड बसवले आहेत. प्राणी अशक्य खरा, पण त्याचा संधी बिनचूक! शिवाय सुकुमार स्वतः त्याचे चित्र काढीत, आणि ते अशा ठाम रेषेने काढीत की पाहणाऱ्याला तो प्राणी कोठेतरी असलाच पाहिजे असे वाटावे.

‘ह-ज-ब-र-ल’ ही त्यांची अद्भुत कथा १९२२ साली ‘संदेश’मधून क्रमशः आली. बंगालीत या अक्षरांचा अर्थ नुसता गोंधळ असा होतो. उन्हाळ्याच्या दिवशी झाडाखाली पडलेला एक मुलगा घाम पुसण्यासाठी रुमाल उचलू जातो, तो रुमालाचे लठ्ठ मांजर झालेले! पुढे भेटणाऱ्या कावळ्याच्या मते सात दुणे चौदा हे उत्तर सर्वकाळ खरे नसते. क्षणभर आधी ते चौदाला थोडे कमी, क्षणभर उशीर झाला तर थोडे अधिक. वेळेला किंमत असते हे आपणही म्हणतोच. कावळा ते अक्षरशः खरे मानून हिशेबात धरतो, इतकेच. एक वेडे गृहीत धरावे आणि मग तर्काला तिळभरही ढळू देऊ नये, हेच या गमतीचे रहस्य आहे.

त्याच कथेतील एक म्हातारा सांगतो की चाळिशी गाठली की आपण वय उलटे फिरवतो: एकोणचाळीस, अडतीस असे उतरत जावयाचे आणि दहापर्यंत आले की पुन्हा चढावयाचे. मुले या हिशेबावर खदखदून हसतात. तो लिहिणारा लेखक मात्र तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. १९२१ मध्ये, पुत्र सत्यजित यांचा जन्म झाला त्याच वर्षी, सुकुमारांना काळा आजार जडला होता. त्या रोगावर गुणकारी ठरलेले औषध उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी त्याच सुमारास त्याच कलकत्ता शहरात शोधून काढले. परंतु सुकुमारांना ते तारू शकले नाही.

सुमारे अडीच वर्षांच्या या दुखण्यात त्यांची लेखणी व कुंचला थांबला नाही. ‘आबोल ताबोल’ या कवितासंग्रहाची मांडणी, चित्रे आणि मुखपृष्ठ त्यांनी अंथरुणावरूनच सिद्ध केले. हे पुस्तक ‘खेयाल रसा’चे आहे असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले. शास्त्रकारांच्या नवरसांत हा रस सापडावयाचा नाही. रवींद्रनाथ त्यांच्या शय्येपाशी येऊन गाणी म्हणून गेले. १० सप्टेंबर १९२३ रोजी सुकुमारांचे देहावसान झाले, आणि १९ सप्टेंबरला ‘आबोल ताबोल’ प्रसिद्ध झाले. छापलेले पुस्तक त्यांना पाहावयास मिळाले नाही.

बंद पडलेला ‘संदेश’ १९६१ साली सत्यजित राय यांनी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासह पुन्हा सुरू केला. म्हाताऱ्याचे वय जेथे उलटे फिरते त्या चाळिशीपर्यंत सुकुमार पोहोचले नाहीत. छत्तिसावे वर्षही त्यांना पुरे करता आले नाही. बंगालच्या घराघरांतून मुले मात्र आजही त्यांच्या कविता तोंडपाठ म्हणतात, आणि ऐकणारे आजोबा तेवढ्यापुरते दहा वर्षांचे होतात.