अनुवादकाचा संगणक: ऐकीव गोष्टी आणि खऱ्या अडचणी

जळगाव किंवा धुळ्यात बसून पुण्या-मुंबईच्या, कधी परदेशातल्याही एजन्सीसाठी अनुवाद करणं आता नवलाचं राहिलेलं नाही. ठिबकच्या संचाचं माहितीपत्रक, कीटकनाशकाच्या डब्यावरच्या सूचना, विम्याची पॉलिसी, मोबाइलच्या ॲपमधली बटणं, खरेदीखताचं इंग्रजी असं नाना तऱ्हेचं काम येतं. या धंद्यात उतरू पाहणारा तरुण पहिला प्रश्न विचारतो तो मात्र भाषेचा नसतो. ‘लॅपटॉप कोणता घेऊ? विंडोज, मॅक की लिनक्स?’ असा असतो. सल्ला देणारेही कमी नाहीत. संगणकाचा दुकानदार, डीटीपीवाला, पुण्यात नोकरीला असलेला आतेभाऊ, सगळे ठामपणे सांगतात. त्यातलं बरंचसं पंधरा-वीस वर्षांपूर्वी खरं होतं, आज नाही.

‘अनुवाद करायचा तर विंडोजच लागतं’

हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त टिकून आहे. व्यावसायिक अनुवादक साध्या वर्डमध्ये फार कमी काम करतो. तो वापरतो ते सॉफ्टवेअर मजकुराचे तुकडे पाडतं, पूर्वी केलेली भाषांतरं साठवून ठेवतं आणि तसंच वाक्य पुन्हा आलं की जुनं उत्तर समोर ठेवतं. या साठ्याला धंद्यात ‘टीएम’ म्हणतात. यातली दोन बडी नावं म्हणजे ट्रॅडॉस आणि मेमोक्यू. ट्रॅडॉस मूळची जर्मनीतली, १९८४ साली निघालेली कंपनी, आज ती आरडब्ल्यूएस या ब्रिटिश कंपनीकडे आहे. मेमोक्यू हंगेरीतलं. दोन्हींच्या संगणकावर बसवायच्या आवृत्त्या फक्त विंडोजवर चालतात. मोठ्या एजन्सीचं काम ट्रॅडॉसच्या पॅकेजमध्ये येणार असेल, तर विंडोज घ्या आणि विषय संपवा. जगभरचे बहुसंख्य अनुवादक विंडोजवर आहेत त्याचं कारण हेच. विंडोज त्यांना फार आवडतं असं काही नाही.

पण सगळं काम तसं येत नाही. फ्रेज, स्मार्टकॅट, मॅटेकॅट ही साधनं ब्राउझरमध्येच चालतात. एजन्सी दुवा पाठवते, तुम्ही लॉगिन करून काम करता. खाली कोणती प्रणाली आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. ओमेगाटी हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर २००० सालापासून आहे, वर्डफास्ट प्रो विकत मिळतं. ही दोन्ही जावा या संगणक-भाषेत बांधलेली असल्याने विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतात. एक्सलिफ आणि टीएमएक्स हे फाइलींचे खुले साचे असल्यामुळे एका साधनातला साठा दुसऱ्यात नेता येतो. नवशिक्याने परवान्यासाठी कर्ज काढण्याआधी ओमेगाटीवर हात बसवावा. टीएम कसा वाढतो आणि कसा बिघडतो, ते तिथे फुकट शिकता येतं.

‘मॅकवर मराठी तुटतं’

तुटायचं. २०११ च्या ऑफिसपर्यंत मॅकवरच्या वर्डला देवनागरी नीट जोडता येत नव्हती. २०१६ च्या आवृत्तीपासून ती अडचण गेली. मॅकसोबत आयता येणारा कोहिनूर देवनागरी हा फॉण्टही चांगला आहे. आजची अडचण वेगळीच आहे. २०२० च्या अखेरीपासून आलेल्या, ॲपलची स्वतःची चिप असलेल्या मॅकवर जुन्या बूट कॅम्पने विंडोज टाकता येत नाही. ट्रॅडॉस चालवायचं तर पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर विकत घेऊन त्यात विंडोज बसवावं लागतं. म्हणजे मॅकचे पैसे, पॅरलल्सचे पैसे आणि वर विंडोजचेही. बॅटरी मात्र दमदार असते, आणि वीज जाते तिथे ती गोष्ट काही कमी नाही.

‘लिनक्स इंजिनिअरांचं, त्यावर मराठी काय होणार?’

असं म्हणणाऱ्याने एकदा न्यायालयाच्या आवारात चक्कर मारावी. ई-कोर्ट्स प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्सची खास जुळवून घेतलेली आवृत्ती स्वीकारली. जळगाव आणि धुळ्याची न्यायालयंही याच प्रकल्पात येतात. मराठीत लिहिलेली फिर्याद, मराठीत नोंदवलेली साक्ष, आणि अपील वर गेलं की त्याच कागदांचं इंग्रजी. मराठी-इंग्रजी अनुवादाची रोजची, कायमची गरज आपल्या भागात जिथे आहे, तिथेच लिनक्सने सरकारी शिरकाव केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ‘सुवास’ हे यांत्रिक अनुवादाचं साधनही आणलं, त्यात मराठी आहे. निकाल मातृभाषेत पोचावेत हा त्यामागचा हेतू. त्यातून निघालेला मजकूर तपासायला माणूस लागतोच, आणि कायद्याची मराठी येणाऱ्यांना त्या कामात वाव आहे.

लिनक्सचं मराठीशी नातं तसं जुनं. लोहित देवनागरी हा मोफत फॉण्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळला, वाढवला. लिनक्सचे मेनू मराठीत करणारे स्वतः अनुवादकच होते. लिब्रेऑफिस मराठीत मिळतं. सी-डॅकने २००७ साली ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांसाठीची लिनक्सही काढली. ती घरोघरी पोचली नाही, ही गोष्ट वेगळी.

लिनक्सच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ट्रॅडॉस नाही, पानं लावायचं इनडिझाइन नाही, आणि काही बिघडलं तर जळगावच्या गोलाणी मार्केटमधला दुरुस्तीवाला बहुधा विंडोज टाकून देण्याचाच सल्ला देईल.

‘आमच्याकडे युनिकोडचा फॉण्ट आहे’

खरा गोंधळ इथे आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या वादात वाया जाणारा वेळ इथे घातला तर निम्म्या तक्रारी मिटतील.

युनिकोड हा फॉण्ट नाही. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक द्यायचा, याचा तो जगाने मान्य केलेला तक्ता आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं आपले डीटीपीवाले श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या जुन्या फॉण्टांवर काम करत आले. त्या फॉण्टांची युक्ती अशी की फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे क्रमांक साठवले जातात आणि फॉण्ट त्यांच्या जागी मराठी आकार रंगवतो. तोच फॉण्ट दुसऱ्याच्या संगणकावर नसेल तर पानभर रोमन खिचडी दिसते. मग ‘तुमच्या विंडोजमध्ये मराठी नाही वाटतं’ असं ऐकावं लागतं. विंडोजचा त्यात काडीचाही दोष नसतो.

लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचं पत्रक, साखर कारखान्याचा अहवाल यांच्यासाठी ही पद्धत चालून गेली, कारण शेवटी कागदच हवा होता. आजही कित्येक दुकानांत पेजमेकर चालू आहे, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची आहे. अनुवादकाला मात्र असा मजकूर निरुपयोगी. टीएम त्यात वाक्य ओळखू शकत नाही, शब्द मोजता येत नाहीत, शोध चालत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं यांत ती हमखास अडखळतात. म्हणून रूपांतरित मजकूर वाचल्याशिवाय पुढे पाठवू नये.

विंडोजमध्ये देवनागरीची सोय २००० च्या आवृत्तीपासून आली. तिच्यासोबत आलेला मंगल हा फॉण्ट मुंबईच्या र. कृ. जोशींनी रेखला होता. पुढच्या एक्सपीमध्ये ही सोय वेगळी खूण करून, मूळ सीडी घालून चालू करावी लागे. ‘मराठी टाकून घ्यावं लागतं’ ही समजूत तेव्हाची. व्हिस्टापासून ती गरज उरली नाही. तरीही ‘मराठी टाकून देण्याचे’ पैसे घेणारे दुकानदार आहेतच.

आणि सगळं युनिकोडमध्ये आलं म्हणजे सगळं जुळलं, असंही नाही. ‘ॲप’मधला ॲ घ्या. या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ साली. त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र देत, आजही अनेक जण तसंच टाइप करतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. तसंच ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाचं. खानदेशातल्या अनुवादकाच्या हाताखालून हा शब्द दिवसातून पन्नास वेळा जात असेल. त्यातला ऱ्या एकजण ऱ या स्वतंत्र अक्षरावरून टाइप करतो, दुसरा साध्या र ला हलन्त आणि वर न दिसणारं जोडचिन्ह देऊन. एकाच प्रकल्पावर दोघे असले की टीएम अर्धी वाक्यं ओळखत नाही आणि दोघेही सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. नाचता येईना अंगण वाकडं, तसा प्रकार. काम सुरू होण्याआधी एक पद्धत ठरवून घेतली आणि शेवटी शोधा-बदला चालवलं, तर हा प्रश्न उरत नाही.

‘सिस्टीम बदलली की टायपिंग नव्याने शिकावं लागतं’

इन्स्क्रिप्ट येत असेल तर नाही. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, ही रचना सरकारने १९८६ सालापासून प्रमाण म्हणून आणली आणि ती तिन्ही प्रणालींत आयती असते. २०१९ पासून विंडोजमध्ये रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारा कीबोर्डही आहे. त्यामुळे गूगलचं बंद पडलेलं विंडोजवरचं साधन कुठल्यातरी अनोळखी साइटवरून उतरवण्याची गरज नाही. ती सवय धोक्याचीही आहे.

ज्यांचा हात राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षेसाठी टाइपरायटरच्या रचनेवर बसला आहे, त्यांचा प्रश्न वेगळा. त्या रचनेची बहुतेक साधनं विंडोजसाठी बनलेली आहेत. अशांनी विंडोजवरच राहावं. मिनिटाला चाळीस शब्दांचा वेग तत्त्वासाठी घालवण्यात शहाणपण नाही.

‘जुना लॅपटॉप चालतोय ना, मग काय हरकत?’

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. बरेच जुने लॅपटॉप तिथे नापास होतात. अनुवादकाने एजन्सीशी गोपनीयतेचा करार केलेला असतो. त्याच्या फाइलींत कोणाचं आजारपण असतं, कोणाचा दावा असतो. सुरक्षा-दुरुस्त्या न मिळणारी प्रणाली किंवा दुकानदाराने टाकून दिलेली चोरीची विंडोज अशा कामासाठी चालणार नाही. तुमचं काम ब्राउझर, लिब्रेऑफिस आणि ओमेगाटी यांत भागत असेल, तर त्याच जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका. तो आणखी काही वर्षं नीट काम देईल.

‘अहिराणी संगणकावर लिहिता येत नाही’

येते. अहिराणी देवनागरीतच लिहिली जाते, त्यामुळे मराठीचाच कीबोर्ड पुरतो. लेवा गणबोलीचंही तेच. २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या भाषेखाली १८ लाखांहून अधिक लोकांची नोंद आहे. आंतरराष्ट्रीय भाषा-संकेतांत अहिराणीला एएचआर आणि खानदेशीला केएचएन असे वेगळे संकेत आहेत. पण विंडोज, मॅक किंवा लिनक्स यांपैकी कोणाचेही मेनू अहिराणीत नाहीत, आणि मराठीचं शुद्धलेखन लावलं की अहिराणी परिच्छेद लाल रेघांनी भरून जातो. ओमेगाटीमध्ये भाषेचा संकेत हाताने टाइप करता येतो. तिथे अहिराणीचा संकेत देऊन स्वतंत्र टीएम उभा करता येतो. लिब्रेऑफिसमध्ये स्वतःचा शब्दकोश जोडता येतो. आरोग्य खात्याच्या सूचना किंवा शेतीचे सल्ले अहिराणीत नेणाऱ्यांनी सुरुवातीपासून असा साठा केला, तर पुढच्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. माझ्या मते खानदेशातल्या अनुवादकाने करण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे, आणि त्याला खर्च येत नाही.

मोडी लिपीचंही थोडक्यात सांगायला हवं. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडीची दफ्तरं आहेत, आणि २०२३ साली मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे आणि गूगलच्या नोटो मालिकेतला मोडी फॉण्ट फुकट मिळतो. मोडीसाठी वेगळा संगणक लागतो, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

लॅपटॉप घेण्याआधी ज्या एजन्सीचं काम करायचं तिला विचारा: फाइल कशात पाठवणार, कोणत्या साधनात परत हवी, आणि ते साधन ब्राउझरमध्ये चालतं का? उत्तर ट्रॅडॉस असेल तर विंडोज घ्या. नसेल तर जे परवडतं आणि ज्यावर हात बसला आहे ते घ्या, आणि उरलेले पैसे चांगल्या कोशांवर आणि घरच्या इन्व्हर्टरवर खर्च करा.