मोटर घुरघुरते, पाणी हलत नाही

पावसाळा तोंडावर आला की हाउसिंग सोसायट्यांमधल्या वाचकांकडून हमखास येणारा प्रश्न : बेसमेंट पार्किंगच्या खड्ड्यातला पंप चालू होतो, मोटर घुरघुरते, पण पाणी तसूभरही हलत नाही. दुप्पट हॉर्सपॉवरचा पंप घ्यावा का?

चेक फाडण्याआधी हवेवर संशय घ्या.

हवेचं आणि पंपाचं जुनं वैर आहे. शोषून घेणारा पंप साधारण १० मीटरच्या वर पाणी चढवत नाही, हे गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात नोंदवलं. खरं कारण मात्र त्याला उमगलं नाही. पुढे शाळेच्या पुस्तकात थेट टॉरिचेली आणि त्याची पाऱ्याची नळी येते. मधला गास्पारो बेर्ती गायबच! रोममध्ये १६४०च्या सुमारास या गृहस्थाने घराच्या भिंतीला शिशाची उंचच उंच नळी लावली, पाण्याने भरून वरून बंद केली आणि खालचं तोंड पिंपातल्या पाण्यात उघडलं. पाणी उतरत उतरत १० मीटरच्या आसपास थबकलं. बाहेरची हवा त्याला तोलून धरते, हे सांगितलं टॉरिचेलीने. पण आधी करून दाखवलं बेर्तीने.

आपला पंप पाण्यातच बुडालेला, त्यामुळे शोषण्याची कटकट नाही. पण हवा तिथेही गाठते. खड्डा महिनोन् महिने कोरडा राहिला की पंपाच्या पोटात हवा भरते. पहिल्या पावसाचं पाणी खालून चढतं, वर पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बंद. हवा मध्येच अडकते. इम्पेलर म्हणजे ताकातली रवी : ताक असेल तर ते फिरून भांड्याच्या कडेने वर चढतं, नसेल तर रवी नुसतीच गरगरते. हवा पाण्याहून सुमारे ८०० पट हलकी. पाणी १० मीटर चढवणारा इम्पेलर हवेत फिरला, तर त्याचा जोर जेमतेम सव्वा सेंटिमीटर पाण्याइतका. हॉर्सपॉवर वाढवून तो अडीचवर जाईल. व्हॉल्व्हवर उभा असलेला पाण्याचा स्तंभ काही हलणार नाही.

उपाय फुकटातला : पंप आणि व्हॉल्व्हच्या मधल्या पाइपला ३ मिलिमीटरचं भोक. हवा तिथून निसटते. पंप चालताना भोकातून चिळकांडी उडते, ती उडू द्या. काही पंपांच्या कवचातच अशी सोय असते. मात्र गाळाने हे भोक बुजतं. म्हणून मे महिन्यात मेन स्विच बंद करून खड्ड्यातला गाळ काढा, भोकात तार फिरवा, पंप चालू-बंद करणारा फ्लोट वायरीत किंवा भिंतीला अडकत नाही ना ते पाहा. मग स्विच लावून बादल्यांनी पाणी ओता. पंप आपोआप चालू आणि बंद व्हायला हवा. बंद होताच पाइपमधलं पाणी धबधब खाली आलं, तर व्हॉल्व्ह गेला समजा.

मोबाइलवर इशारा देणारे ‘स्मार्ट’ पंपही मिळतात. पण मुसळधार पावसात वीज गेली की वाय-फायही जातं. ते पैसे पंपाची लाइन जनरेटरवर घ्यायला वापरा.