मुंब्रा बायपासवरची गोळी

तळोज्याहून ठाण्याला यायचं तर शिळफाट्यावरून मुंब्रा बायपास धरावा लागतो. एका अंगाला डोंगर, खाली मुंब्र्याची वस्ती आणि रात्रंदिवस चाललेले कंटेनर. आम्हा कळवेकरांना हा रस्ता रोजचा. त्याच रस्त्यावर २३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी, सहा-सव्वासहाच्या सुमाराला पोलिसांच्या गाडीत गोळ्या झाडल्या गेल्या आणि बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणाचा आरोपी मारला गेला. त्याला आणलं ते आमच्याच कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात. आमच्या बायका त्याला 'शिवाजी हॉस्पिटल' म्हणतात. बाळंतपणापासून कुत्र्याच्या इंजेक्शनपर्यंत सगळं तिथंच. त्यामुळे ही बातमी आमच्याकडे टीव्हीच्या आधी गल्लीतून आली.

मैत्रिणींनो, त्या आठवड्यातली आमच्या बचत गटाची बैठक मी विसरणार नाही. हप्त्यांचं पुस्तक उघडायच्या आधीच विषय निघाला. एकीने तर पेढेच आणले होते. "ताई, आज तोंड गोड करा, देवानेच न्याय केला," म्हणाली. बदलापुरात लोकांनी फटाके वाजवले, पेढे वाटले, मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले. आमच्या बायका काही वेगळ्या नव्हत्या. आणि त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटेना, कारण त्या रागाच्या मागे काय होतं ते मला ठाऊक होतं.

काय होतं, ते आठवू या. ऑगस्ट २०२४ मध्ये शिशुवर्गातल्या दोन चिमुरड्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाला. आरोप शाळेतल्या सफाई कर्मचाऱ्यावर. पालक पोलीस ठाण्यात गेले तर तक्रार नोंदवून घ्यायला त्यांना तासन् तास बसवून ठेवलं. शाळेतलं पंधरा दिवसांचं सीसीटीव्ही चित्रण सापडत नाही, असं खुद्द तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं. मग २० ऑगस्टला बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर लोकल बंद पडल्या. कर्जत लाइनच्या बायकांना तो दिवस पाठ आहे. त्यानंतर चक्रं फिरली : पोलीस निलंबित झाले, पोलीस महानिरीक्षक आरती सिंह यांच्या हाताखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं, सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांचं नाव जाहीर झालं, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. म्हणजे जे पहिल्या दिवशी साध्या कागदावर व्हायला हवं होतं, त्यासाठी रेल्वे बंद पाडावी लागली. अशा व्यवस्थेवर बायकांनी विश्वास तरी का ठेवायचा?

तरीही मी पेढा खाल्ला नाही. गटातल्या एक मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "का गं, तुला दोन पोरी असून वाईट वाटतंय होय त्याचं?" त्याचं वाईट वाटत नव्हतं, असं मी त्यांना सांगितलं. मला त्या गाडीतली गोष्ट पटत नव्हती.

पोलिसांचं म्हणणं असं : आरोपीच्या पत्नीने केलेल्या दुसऱ्या एका तक्रारीच्या तपासासाठी त्याला तळोजा तुरुंगातून ठाण्याला नेत होते. वाटेत त्याने एका अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावलं, तीन गोळ्या झाडल्या, त्यातली एक त्या अधिकाऱ्याच्या मांडीत घुसली. मग दुसऱ्या अधिकाऱ्याने स्वसंरक्षणासाठी एक गोळी झाडली, ती आरोपीच्या डोक्यात लागली.

स्वसंरक्षण हा शब्द आपण बायकांनी नीट समजून घ्यायला हवा, कारण तो जितका पोलिसांचा तितकाच आपला आहे. पूर्वी भारतीय दंड विधानात हा हक्क कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जिवाला धोका असेल, गंभीर दुखापतीची भीती असेल, बलात्काराच्या किंवा पळवून नेण्याच्या इराद्याने कुणी अंगावर आलं असेल, ॲसिड फेकत असेल, तर प्रतिकार करताना समोरचा मेला तरी तो गुन्हा ठरत नाही. हे कलम ३८ सांगतं. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा अर्ध्या जणींना खरंच वाटेना. "म्हणजे आपण मारलं तर आपल्यालाच आत टाकणार नाहीत?" एकीने विचारलं. चौकशी होईल, कोर्टात सांगावं लागेल, पण कायदा आपल्या बाजूने उभा आहे. मात्र त्याच्या आधीचं कलम ३७ म्हणतं की बचावाला लागेल तेवढीच इजा करायची, त्याहून जास्त नाही. चोराने हात सोडला आणि पळाला, तर मागे धावून त्याला ठार करणं हा बचाव नव्हे. आणि ज्या प्रसंगात सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्याइतका वेळ असतो, तिथे हा हक्क लागूच होत नाही.

गाडीतून जाताना आपल्या वाट्याला काय येतं ते ठाणेकर बायकांना सांगायला नको. २०१४ च्या ऑगस्टमध्ये रिक्षावाल्याने भलताच रस्ता धरला म्हणून एका तरुण मुलीने चालत्या रिक्षातून उडी मारली होती. डोक्याला जबर मार लागला, कितीतरी दिवस ती रुग्णालयात होती, पण वाचली. त्यानंतर रिक्षांमध्ये चालकाची माहिती लिहिलेलं कार्ड लावण्याची मोहीम ठाण्यात निघाली. (आता त्यातली किती कार्डं वाचता येतात, हा वेगळा विषय.) त्या मुलीच्या हातात ना शस्त्र होतं, ना सोबत कोणी. तिच्या बचावाबद्दल कुणाच्या मनात शंका येत नाही.

आता बायपासवरची गाडी बघा. आत एक कैदी आणि चार पोलीस, शिवाय चालक. दोनच दिवसांनी, २५ सप्टेंबरला, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्यासमोर विषय निघाला, तेव्हा त्यांनी अगदी साधे प्रश्न विचारले. चार पोलिसांना एक माणूस आवरता कसा आला नाही? गोळी पायावर, हातावर न मारता डोक्यात का? आणि सामान्य माणसाला पिस्तूल चालवता कसं आलं? हा शेवटचा प्रश्न आम्हाला नीट कळला नव्हता. सिनेमात तर कोणीही पिस्तूल उचलतं आणि चालवतं! शेवटी निवृत्त फौजदार असलेल्या एका शेजारच्या काकांनी समजावलं. पिस्तुलाच्या मुठीत गोळ्यांचं मॅगझिन असतं, पण ते भरलेलं असलं म्हणजे गोळी सुटते असं नाही. वरचा सरकता भाग ताकदीने मागे ओढून सोडला की पहिली गोळी नळीत चढते. त्याशिवाय लॉक असतं ते वेगळंच. ज्याने कधी हातात धरलं नाही त्याला झटापटीत हे जमणं अवघड. झटापटीत लॉक निघालं, असं सरकारी बाजूने सांगितलं गेलं. न्यायालयाला ते सहजासहजी पटलं नाही.

पुढे दंडाधिकाऱ्यांनी चौकशी केली आणि तिचा अहवाल २० जानेवारी २०२५ ला उच्च न्यायालयात वाचला गेला. त्या पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे सापडले नव्हते. बळाचा वापर समर्थनीय नव्हता आणि त्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार आहेत, असा निष्कर्ष होता. सरकारला तो मान्य नव्हता, सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची वेगळी समितीही नेमली होती. फेब्रुवारीत आरोपीच्या आईवडिलांनी आपल्याला खटला पुढे चालवायचा नाही, असं न्यायालयाला सांगितलं. त्यांची दशा मी पेपरात वाचत होते. मुलाला पुरायला जागा मिळेना, शेवटी उल्हासनगरला पोलीस बंदोबस्तात दफन झालं. पण न्यायालयाने प्रकरण गुंडाळलं नाही. ज्येष्ठ वकील मंजुळा राव यांना न्यायालयाची मदतनीस म्हणून नेमलं, आणि ७ एप्रिल २०२५ ला न्यायमूर्ती मोहिते डेरे व न्यायमूर्ती नीला गोखले यांनी विशेष पथक नेमून पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे मे महिन्यात एवढाच बदल झाला की पथक राज्याच्या पोलीस महासंचालकांनी नेमावं. चौकशीतला निष्कर्ष म्हणजे शिक्षा नव्हे, त्या पोलिसांनाही आपली बाजू मांडायचा पूर्ण हक्क आहे. जो हक्क गाडीतल्या माणसाला मिळाला नाही, तोच.

गंमत म्हणावी की काय, पण बरोबर दहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर २०१४ लाच, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या चकमकींच्या प्रकरणात नियम घालून दिले होते. पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की गुन्हा नोंदवायचा, तपास दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने किंवा सीआयडीने करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायचीच, आणि लगेच बढत्या-बक्षिसं द्यायची नाहीत. हे सोळा मुद्दे देशभर लागू आहेत.

"मग पोलिसांनी मार खायचा का?" असं बैठकीत एकीने विचारलंच. तिचा भाऊ पोलिसात आहे, तिचा प्रश्न खोटा नव्हता. मी तिला २६ नोव्हेंबर २००८ ची आठवण करून दिली. कामा हॉस्पिटलजवळच्या रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि त्यांचे सहकारी क्वालिस गाडीत होते आणि समोरून एके-४७ मधून गोळ्या येत होत्या. त्याही स्थितीत कामटेंनी गोळी चालवली आणि कसाबच्या हाताला जखम झाली. मागे बसलेले अरुण जाधव हाताला गोळ्या लागल्याने आणि अंगावर सहकारी कोसळल्याने बंदूक उचलू शकले नाहीत. त्या गाडीतून तेच एक वाचले. गाडीत बसून स्वतःचा जीव वाचवणं म्हणजे काय असतं, ते तिथं दिसलं. आणि तिथंही प्रश्न विचारले गेलेच! विचारणारी कोण, तर कामटेंची पत्नी. विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात कंट्रोल रूमच्या संभाषणाच्या नोंदी मागवल्या, मदत वेळेवर का आली नाही ते विचारलं, आणि २००९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याने कुणा शहिदाचा मान कमी झाला नाही.

हैदराबादचंही सांगितलं. डिसेंबर २०१९ मध्ये पशुवैद्यक तरुणीच्या बलात्कार-खुनातले चार आरोपी पोलिसांनी मारले, तेव्हाही पिस्तुलं हिसकावल्याचीच हकिगत होती आणि तेव्हाही बायकांनी पोलिसांवर फुलं उधळली होती. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांचा आयोग नेमला. आपल्या विदर्भातले हे न्यायमूर्ती. २०२२ मध्ये आयोगाने ती हकिगत खोटी ठरवली आणि दहा पोलिसांवर खटला चालवावा अशी शिफारस केली.

पेढे आणणारी ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "ते सगळं खरं असेल ताई, पण तो जिवंत असता तर पाच-सात वर्षं तारखाच पडल्या असत्या." याला माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं, नाहीही. पोक्सो कायदा म्हणतो की मुलाची साक्ष तीस दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात संपावा. प्रत्यक्षात काय होतं ते मी ओळखीच्या दोन कुटुंबांच्या बाबतीत बघितलंय. पण या खटल्यात तर आरोपपत्र सप्टेंबरमध्येच दाखल झालं होतं. खटला चालला असता, तर चित्रण कुणी गायब केलं, मुलींनी आधी कुणाला सांगितलं होतं, कोण गप्प राहिलं, हे त्याच्या तोंडूनही बाहेर आलं असतं. तो मेला आणि त्याच्यापुरता खटला संपला. त्या दोन मुलींच्या बाजूने, 'हे असं घडलं आणि यानेच केलं,' असं कोणतंही न्यायालय आता लिहून देणार नाही. त्यांच्या आयांना ते कागदावर हवं होतं का, हे पेढे वाटताना कुणी विचारलं नाही.

उरले ते गप्प बसणारे. माहिती असूनही कळवलं नाही तर पोक्सोच्या कलम २१ खाली संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळेच्या विश्वस्तांना ऑक्टोबर २०२४ मध्ये अटक झाली ती याच कारणाने. पेपरात ती बातमी आतल्या पानावर होती.

त्या बैठकीत हप्ते राहूनच गेले. पण एक ठरलं. प्रत्येक शाळेत 'सखी सावित्री समिती' हवी, असा सरकारचा निर्णय २०२२ चाच आहे, आणि बदलापूरनंतर सीसीटीव्हीचीही सक्ती झाली. आम्ही पाच जणी खारेगाव, विटाव्याकडच्या आणि कळवा पूर्वेच्या शाळांमध्ये जाऊन विचारू लागलो : समितीत कोण आहे, नावं फलकावर कुठे आहेत, कॅमेरा शौचालयाकडच्या वाटेवर आहे का, चित्रण किती दिवस ठेवता, लहान मुलींना शौचालयात नेणारी बाई आहे का. एका शाळेत आम्हाला चहा मिळाला, दुसरीत वॉचमनने फाटकातच अडवलं. तिसऱ्या शाळेत समितीचा फलक होता, त्यावरच्या एक सदस्य बाई दोन वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेल्या. पेढे आणणारीनेच पेन काढलं आणि मुख्याध्यापकांकडे कागद मागून तिथल्या तिथे अर्ज लिहिला. पोच घेतल्याशिवाय ती जागची हलली नाही.