सिगारेटच्या पाकिटांतील खेळाडू

इ. स. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंत जाड कागदाचा एक चिमुकला तुकडा ७२,५०,००० डॉलरांस विकला गेला. त्याची लांबी सुमारें अडीच इंच, रुंदी दीड इंचाहूनहि किंचित् कमी. नारिंगी पार्श्वभूमीवर मधोमध भांग पाडलेल्या एका धट्टयाकट्टया पुरुषाचा चेहरा, आणि खालीं दोनच शब्द : वाग्नर, पिट्सबर्ग. होनस वाग्नर हा बेसबॉल या अमेरिकन चेंडूफळीच्या खेळांतील नामांकित खेळाडू होय. १९०९ च्या सुमारास त्याचें हें चित्र सिगारेटच्या पाकिटांत फुकट मिळत असे. चित्रावर खेळाडूचें नांव आहे, पाठीमागें तंबाखूच्या मालाचें नांव आहे. परंतु तो चेहरा कांचेवर कोणीं टिपला आणि दगडावर कोणीं उतरविला, याचा त्या कागदावर मागमूसहि नाहीं.

या चित्रांचा जन्म कलेच्या प्रेमांतून झालेला नाहीं. १८८० नंतरच्या दशकांत सिगारेटी मऊ कागदाच्या पुडक्यांत विकल्या जात व हाताळतांना मोडत. म्हणून पुडक्यांत एक ताठ पुठ्ठा घालण्याची चाल पडली. तो कोराच ठेवण्यापेक्षां त्यावर चित्र छापलें तर गिऱ्हाईक पुढच्या चित्रासाठीं पुन्हां दुकानीं येईल, हें व्यापाऱ्यांनीं चटकन् ओळखलें. नट्या, पक्षी, सेनापति आणि खेळाडू या पुठ्ठ्यांवर अवतरले.

हीं चित्रें करण्याचे दोन मार्ग होते. पहिला प्रत्यक्ष छायाचित्रांचा. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीनें ‘ओल्ड जज्’ सिगारेटींसाठीं १८८६ ते १८९० पर्यंत शेंकडों खेळाडूंचीं छायाचित्रें वांटलीं. त्यांपैकीं पुष्कळशीं ब्रुकलिनच्या जोसेफ हॉल या छायाचित्रकारानें घेतलेलीं होतीं. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर तीं उमटवीत व पुठ्ठ्यावर डकवीत. क्रीडांगणावरील धांवपळ टिपणें त्या काळीं दुर्घट असे; म्हणून खेळाडूच चित्रशाळेंत येत. पाठीमागें रंगविलेला पडदा, पायांखालीं सतरंजी, आणि झेलावयाचा चेंडू छतापासून दोऱ्यानें टांगलेला! नीट निरखून पाहिल्यास कित्येक चित्रांत तो दोरा आजहि दिसतो. मैदानांत निमिषार्धांत घडणारी गोष्ट श्वास रोखून स्थिर उभें राहून दाखवावयाची, अशी ती मौज होती.

दुसरा मार्ग रंगीत शिळाछापाचा. रिचमंडच्या अ‍ॅलन व जिंटर या तंबाखूच्या कंपनीनें १८८७ मध्यें पन्नास जगज्जेत्यांची एक चित्रमाला काढली. तींत दहा बेसबॉलपटू होते. तिच्यावर न्यूयॉर्कच्या लिंडनर, एडी व क्लॉस या शिळाछापखान्याचें नांव बारीक अक्षरांत आढळतें. चित्रें काढणारांचें मात्र नाहीं.

शिळाछाप ही कला अलॉइस सेनेफेल्डर यानें बव्हेरियांत १७९८ च्या सुमारास सिद्ध केली. तेल व पाणी यांचें वैर हें तिचें मर्म होय. झोल्नहोफेन येथील चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर स्निग्ध शाईनें चित्र काढतात; मग शिळा ओली करून तीवर छपाईची शाई फिरविली कीं, ती रेघांना चिकटते व ओल्या जागीं बसत नाहीं. मुंबईकरांस ही कला अपरिचित नाहीं. गणपत कृष्णाजींनीं १८३१ मध्यें मराठी पंचांग शिळेवरच छापलें, आणि रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्यें मुंबईंत निघाल्यावर घरोघरीं लागलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी याच विद्येचीं फळें होत.

रंगीत चित्रास मात्र प्रत्येक रंगासाठीं स्वतंत्र शिळा लागते. छायाचित्रांत उजेडापासून काळोखापर्यंत छटा सलग उतरत जातात. शिळेस ही सलगता ठाऊक नसते. तेथें शाई बसते किंवा बसत नाहीं. म्हणून कारागीर छायाचित्र समोर ठेवून गालाची गोलाई हजारों बारीक ठिपक्यांत मोडीत असे : दाट ठिपके म्हणजे सांवली, विरळ ठिपके म्हणजे उजेड. पिवळ्याच्या शिळेवर किती ठिपके द्यावे, तांबड्याच्या किती, हें त्यानें मनांतच ठरवावयाचें. कारण प्रत्येक शिळेवरील शाई त्याला काळीच दिसे आणि खरा रंग छपाईनंतरच कळे. शिवाय हें सारें उलटें काढावयाचें. मग विशिष्ट कागदाच्या साहाय्यानें तें लहानसें चित्र मोठ्या शिळेवर ओळीनें पुनःपुन्हां उतरवीत, आणि प्रत्येक रंग आधींच्या रंगावर अचूक बसावा म्हणून खुणा जुळवीत. शिळा केंसभर सरली तरी ओठाचा रंग हनुवटीवर जाई. छायाचित्र काळें-पांढरें असल्यामुळें आकाशाची लाली, गालांची कांति हीं सर्व या कारागिराची देणगी होती.

या पद्धतीचा कळस म्हणजे १९०९ ते १९११ या काळांत अमेरिकन टोबॅको कंपनीनें काढलेली चित्रमाला. पांचशेंहून अधिक निरनिराळीं चित्रें सिगारेट व तंबाखूच्या सोळा छापांबरोबर वांटण्यांत आलीं. छपाई न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीची. वाग्नरचें मूळ छायाचित्र बोस्टनच्या कार्ल हॉर्नरचें. स्वीडनमध्यें जन्मलेल्या या छायाचित्रकारानें त्या पिढीच्या कितीतरी खेळाडूंचे चेहरे टिपून ठेविले आहेत. कारागीरहि माणसेंच, शेरी मॅगी या खेळाडूच्या आडनांवांत एक अक्षर चुकलें, तें पुढें सुधारलें, आणि चुकलेल्या थोड्या प्रतींस आज सुधारलेल्या प्रतींच्या अनेक पट किंमत येते.

मग अशा चित्रावर हक्क कोणाचा? हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला होता. नेपोलियन सॅरोनी यानें १८८२ मध्यें ऑस्कर वाइल्ड याचें छायाचित्र घेतलें. एका शिळाछापखान्यानें त्याच्या ८५,००० प्रती परवानगीवांचून छापल्या, व छायाचित्र हें यंत्राचें काम, त्यांत कर्तृत्व कसलें, असा बचाव केला. १८८४ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला. बैठक, वेष, उजेड-सांवली यांची योजना करणारा तो कर्ता, असा निर्णय झाला. गंमत अशी कीं सॅरोनी स्वतः पूर्वीं शिळाछापाचाच व्यवसाय करी. पुढें १९०३ मध्यें सर्कशीच्या जाहिरातींवरून तोच वाद उपस्थित झाला, आणि जाहिरातीसाठीं काढलेलें रंगीत शिळाचित्रहि कायद्याच्या संरक्षणास पात्र ठरलें. परंतु हा हक्क छापखान्याच्या मालकांस मिळाला. मजुरीवर ठिपके घालणारा अनामिकच राहिला.

राहिला तिसरा हक्कदार : ज्याचा चेहरा, तो. एका मुलीचें चित्र तिच्या संमतीवांचून पिठाच्या जाहिरातीवर छापलें असतां न्यूयॉर्कच्या न्यायालयानें १९०२ मध्यें तिची दाद घेतली नाहीं. लोकांत संताप उसळला, आणि १९०३ मध्यें त्या राज्यानें कायदा केला कीं, व्यापारासाठीं कोणाचें चित्र वापरणें झाल्यास लेखी संमति हवी. वाग्नरनें आपली संमति नाकारली. मुलांनीं तंबाखूच्या पाठीं लागूं नये हें त्याचें कारण, असें पुष्कळ सांगतात. मोबदल्याचा प्रश्न होता, असें कांहीं म्हणतात. तो स्वतः तंबाखू चघळीत असे, हें खरें. कारण कांहींहि असो, त्याचें चित्र मागें घेण्यांत आलें आणि सुमारें पन्नास-साठ प्रतीच उरल्या. आजची ती अवाढव्य किंमत त्या नकाराचीच आहे.

त्याच काळांत चार्ल्स कॉन्लन हा न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रांतील मुद्रितशोधक फावल्या वेळीं मैदानावर छायाचित्रें घेत होता. धूळ उडवीत तळावर झेपावणारा टाय कॉब त्यानें १९१० मध्यें टिपला. आतां दोऱ्याला टांगलेल्या चेंडूची गरज उरली नव्हती. कॉन्लन १९४५ मध्यें वारला. १९९१ मध्यें त्याच्या छायाचित्रांची एक कार्डमाला निघाली, ती त्याच्याच नांवानें. छायाचित्रकाराचें नांव अखेरीस कार्डावर आलें, पण त्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

हे कागद आज अभ्यासतां येतात, याचें मोठें श्रेय सिराक्यूजच्या जेफरसन बर्डिक यास आहे. संधिवातानें हात आंखडलेल्या या कामगारानें तीन लक्षांहून अधिक छापील चित्रें जमविलीं, त्यांचें वर्गीकरण केलें, आणि १९४७ पासून तीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास देण्यास आरंभ केला. वाग्नरच्या मालेस ‘टी २०६’ हें नांव त्याच्याच सूचीनें दिलें. स्वतःच्या हातांनीं तीं वह्यांत डकविण्याचें काम त्यानें जानेवारी १९६३ मध्यें पुरें केलें, आणि दोनच महिन्यांनीं त्याचा देहांत झाला. तंबाखूबरोबर फुकट आलेले ते पुठ्ठे आतां थोर चित्रकारांच्या मुद्राचित्रांशेजारीं जतन केलेले आहेत. भिंगांतून पाहणारास तेथें वाग्नरच्या पिढीचे चेहरे दिसतील, आणि त्या चेहऱ्यांवर एका अनाम हातानें एकेक करून घातलेले ठिपकेहि दिसतील.