फोम घेण्याआधी खोली मोजा

मागच्या भागानंतर एकच प्रश्न सारखा येतोय, "भो, आवाज घुमतो, भिंतीला कुठला फोम लावू?" मी म्हणतो, आधी मोजा, मग पाकीट काढा. कारण बाहेरचा गोंगाट, घुमणं आणि खालचा सूर फुगणं हे तीन वेगळे आजार आहेत. औषधंही वेगळी.

पहिला, गोंगाट. आपलं भुसावळ जंक्शन. इथे गाड्या रात्रीही थांबत नाहीत. पंखा, कूलर बंद करा आणि मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करा. एकदा मालगाडी जाताना, एकदा नसताना. दोन्हींत मोठा फरक दिसला, तर फोम काही गाडी अडवणार नाही. दार-खिडकीच्या फटी रबरपट्टीनं बुजवा, रेकॉर्डिंगची वेळ बदला.

दुसरा, घुमणं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कळेना, म्हणून वॉलेस सेबाइन यांनी काम हाती घेतलं. ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा, मग खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवायच्या. गाद्या वाढल्या तसा वेळ घटला. आवाज ६० डेसिबलनं उतरायला लागणारा हाच वेळ म्हणजे आरटी-६०. आज 'रूम ईक्यू विझार्ड' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. स्पीकरमधून खालून वर चढत जाणारा सूर सोडायचा, माईकनं ऐकायचं, आलेख समोर येतो. छोट्या खोलीत बोलण्यासाठी ०.३ सेकंदाच्या आसपास आलं की झालं. आपल्या कापसाच्या मुलखात त्यासाठी गाद्या-गोधड्या कमी नाहीत!

तिसरा आजार फोमला दाद देत नाही. माझी खोली दहा बाय दहा, उंचीही दहाच फूट. थंडीत आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. त्याला खोलीच्या दुपटीनं, म्हणजे २० नं भागा: ५६.५ हर्ट्झ. त्याची दुप्पट ११३, आणि ती नेमकी पुरुषी आवाजाच्या पट्ट्यात येते. लांबी, रुंदी, उंची सारखी, म्हणून तिन्ही बाजूंनी तोच सूर फुगतो. इंचभर फोम तिथे जवळजवळ काहीच करत नाही. कोपऱ्यांत जाड गाद्या उभ्या करा. आणि माईक मधोमध नको. भिंतीपासून खोलीच्या पावभर, म्हणजे माझ्याकडे अडीच फुटांवर ठेवा. तिथे ११३ चा जोर सगळ्यात कमी असतो. हे तर फुकटच आहे!

आणि हो, मे महिन्यात चाळीस अंशांना आवाज जास्त वेगानं पळतो, तेव्हा तोच ११३ जवळपास ११७ होतो. म्हणून उन्हाळ्यात परत एकदा मोजा.

तुमचा आलेख काढून पाठवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू.