बाळ पाऊल कधी टाकणार?

शेजारणीची नात दहाव्या महिन्यात चालते आणि आपला नातू वर्षाचा झाला तरी रांगतोच! मराठीत रांगणे म्हणा वा कन्नडात अंबेगालु, घरच्यांची काळजी दोन्हीकडे सारखीच.

या काळजीचे उत्तर आपल्याच देशातील बाळांकडे पाहून शोधले गेले ते बडोद्यात. सयाजीगंजात स्टेशनाबाहेर पडले की महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा परिसर जवळच आहे. या विद्यापीठाच्या बालविकास विभागात डॉ. प्रमिला फाटक यांनी १ ते ३० महिन्यांच्या बाळांचा अभ्यास केला. अमेरिकेतील बेली चाचणीच्या आधारे १९७०च्या सुमारास त्यांनी भारतीय मानके बसवली. पुढे सुधारलेल्या चाचणीत हालचालींच्या ६७ पायऱ्या आहेत.

क्रम साधारण ठरलेला असतो. आधी मान धरणे, मग पालथे पडणे, बसणे, उभे राहणे. वेळ मात्र प्रत्येकाची वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या, भारतीय मुलांचाही समावेश असलेल्या अभ्यासात आधाराविना चालणे सुमारे ८ ते १८ महिन्यांत केव्हाही आढळले. काही निरोगी बाळे तर रांगलीच नाहीत!

तेव्हा बाळ जागे असताना त्याला पालथे घालून खेळवा, पण जवळ बसूनच. चाकांच्या वॉकरमध्ये बसवू नका, त्यातून अपघात होतात. मात्र चौथा महिना उलटूनही मान सावरत नसेल, नवव्या महिन्यानंतरही बसत नसेल, दीड वर्षानंतरही चालत नसेल किंवा आलेली हालचाल बंद झाली असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.